शेजारी हवा, भांडायला

काचेच्या टाकीत दोनच मासे आहेत, एक नर आणि एक मादी. जोडी दुकानदाराने लावलेली नाही, त्यांनीच एकमेकांना निवडलं आहे. पोटभर खायला आहे, पाणी स्वच्छ आहे, त्यांना खाणारं आसपास कुणी नाही. एवढं सगळं असताना काही दिवसांनी नर मादीच्या अंगावर धावून जायला लागतो. तिचे खवले निघतात, शेपटीच्या चिंध्या होतात, ती हीटरच्या मागे अंग चोरून राहते. वेळेवर बाहेर काढली नाही तर मरतेही. आता त्याच टाकीला चिकटून दुसरी टाकी ठेवा आणि तिच्यात याच जातीची दुसरी जोडी सोडा. दोन्ही नर काचेशी येतात, कल्ले फुगवून एकमेकांना दाखवतात, काचेवर धडका देतात आणि आपापल्या घरात परत जाऊन बायकोशी अगदी नीट वागतात.

ही गंमत कोनराड लोरेन्त्सने लिहून ठेवली आहे. ऑस्ट्रियाचा हा प्राणिवर्तनशास्त्रज्ञ. १९७३चं नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांपैकी एक. १९६३ साली त्याचं आक्रमकतेवरचं पुस्तक आलं, त्यात माशांच्या टाक्यांची बरीच पानं आहेत. मधल्या काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासे झाले की नर बायकोशी दांडगाई करायला लागतो, आणि काच पुसून काढली की शेजाऱ्यांशी पुन्हा जुंपते व दोन्ही घरांत शांतता होते, असं त्याने सांगितलं.

पुढे १९६९ साली ॲन रासा या संशोधिकेने हे नीट तपासून पाहिलं, आणि त्यासाठी जो मासा वापरला तो चक्क भारतातला होता. ऑरेंज क्रोमाइड. बोटाएवढा, पिवळ्या-नारिंगी अंगाचा, कुशीवर एक काळसर डाग असलेला, दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या खाड्यांमधला. काही जोड्या त्यांनी एकट्या ठेवल्या आणि काहींना आपल्या जातीचे इतर मासे भेटत राहतील अशी सोय केली. एकट्या जोड्यांमध्ये आपसातली मारामारी वाढली आणि पिल्लं वाढवण्यात त्याच मागे पडल्या.

लोरेन्त्सने यावरून काढलेला निष्कर्ष मात्र फारसा टिकला नाही. राग आत साचत जातो आणि त्याला कुठेतरी वाट करून द्यावीच लागते, असं त्याचं म्हणणं होतं. नंतर वाल्टर हायलिगेनबर्गने सिक्लिड माशांसमोर नकली मासे धरून पाहिलं. डोळ्यावरची काळी पट्टी दाखवली की त्यांची हल्ला करण्याची तयारी वाढायची, नारिंगी ठिपके दाखवले की उतरायची. म्हणजे राग नुसता आतून उकळत नाही, समोर काय दिसतं त्यावरही तो चढतो-उतरतो. घरात टाकी ठेवणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी बातमी आहे. माशाचा स्वभाव आपल्या हातात नाही. त्याला काय दिसावं हे मात्र पुष्कळसं आपल्या हातात आहे.

सिक्लिड म्हणजे कोण, हे सांगायला मला दुकानाच्या आधी ताटाकडे वळावं लागतं. भिगवणला उजनीच्या काठावर जी चिलापी लोक वाट वाकडी करून खायला जातात, ती सिक्लिड आहे. मोझांबिकची टिलापिया १९५२ साली भारतात आणली गेली. १९५९ साली तिच्या प्रसारावर बंदी आली, पण तोवर ती कागदाच्या पुढे पोहली होती. मागून नाइल टिलापियाही आली. गोव्यात रवा लावून तळतात ती कालुंदर, केरळात जिला करिमीन म्हणतात आणि २०१०मध्ये जिला राज्यमाशाचा मान मिळाला, तीही सिक्लिडच, आणि ती तर मूळची इथली. कालुंदर, ऑरेंज क्रोमाइड आणि कर्नाटकातल्या नद्यांमधली एक दुर्मीळ जात एवढेच भारताचे स्वतःचे सिक्लिड. त्यांचे सगळ्यात जवळचे नातलग आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर नाहीत, मादागास्करमध्ये आहेत. भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून तुटले त्याला आठ-नऊ कोटी वर्षं झाली. हे कुटुंब तेव्हापासूनच दोन तुकड्यांवर वाहत आलं, की नंतर कधी समुद्र पार करून पोचलं, यावर शास्त्रज्ञांचे दोन तट आहेत. कारण सिक्लिडांचा आजवर सापडलेला सर्वात जुना जीवाश्म टांझानियातला, साधारण साडेचार कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

दुकानातले ऑस्कर, एंजल, डिस्कस, पॅरट हेही याच कुळातले. कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्नसुद्धा. तो मलेशियात १९९०च्या दशकात संकर करून घडवलेला मासा. आपल्याकडे तो भरभराट आणतो म्हणून विकला जातो. घरात भरभराट येवो न येवो, स्वतःच्या टाकीत तो दुसऱ्या कुणाला नांदू देत नाही. आणि मग दुकानदार ज्यांना नुसतं ‘आफ्रिकन’ म्हणून मोकळे होतात ते निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, म्हणजे मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या तीन सरोवरांतले. व्हिक्टोरिया सरोवर सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी आटून कोरडं पडलं होतं. ते पुन्हा भरल्यानंतर त्यात सिक्लिडांच्या काहीशे जाती तयार झाल्या. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये इतक्या कमी वेळात इतकी विविधता दुसरीकडे सापडत नाही. त्यांच्या घशात जबड्यांचा दुसरा जोड असतो. तोंडाने पकडायचं, घशाने भरडायचं, अशी कामाची वाटणी झाल्यामुळे तोंडाला वाटेल तो आकार घ्यायची मोकळीक मिळाली, असं मानतात.

पण मारामारी का?

याचं उत्तर शोधायला आमचं पोलादपूर तालुक्यातलं कापडे सोयीचं आहे, कारण सिक्लिड नसलेले मासे कसे वागतात हे इथे दर पावसाळ्यात दिसतं. मृगाचा पहिला दणका बसला, ओढे तांबडे होऊन धावायला लागले की वळगणीचे मासे चढतात. सावित्रीच्या खोऱ्यातल्या नदीनाल्यांमधून, प्रवाहाच्या उलट, थेट भातखाचरांपर्यंत. लोक पाग, टोपल्या, मच्छरदाणीचे तुकडे, जे हाताला लागेल ते घेऊन बांधावर उभे असतात. त्यातून वाचलेली मादी उथळ पाण्यात ढिगाने अंडी टाकते आणि निघून जाते. त्यांतली किती जगली, कुणी खाल्ली, याच्याशी तिचा संबंध संपला. राखायला काही उरलेलंच नाही, मग भांडायचं कशासाठी? महाड तालुक्यात वाळण कोंडीला काळ नदीच्या डोहात देवाचे मासे म्हणून महसीर राखलेले आहेत. खाऊ टाकला की हातहातभर लांबीचे मासे अंगाला अंग घासत वर येतात. रेटारेटी होते, पण कुणी कुणाला हद्दीबाहेर हाकलत नाही. महसीरही अंडी दगडगोट्यांत सोडून मोकळा होणारा मासा.

आता मरळ आठवा. पिल्लांचा लालसर घोळका पाण्याच्या वर फिरताना दिसला तर खाली आईबाप असतात, आणि त्यात पाय घातला तर मरळ अंगावर येते, हे नदीकाठच्या पोराला सांगावं लागत नाही. मरळ सिक्लिड नाही, पण तिने पिल्लं राखायची ठरवलेली आहेत. ज्याला राखायचं आहे त्याला जागा लागते आणि जागा म्हटली की हद्द आली.

सिक्लिडांनी हा राखणीचा धंदा इतक्या थराला नेला आहे की वाचताना विश्वास बसत नाही. ऑरेंज क्रोमाइडची पिल्लं आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खुडून खातात. मासा असून अंगावर पिल्लं पोसणारा. त्याच जातीची छोटी पोरं थोरल्या कालुंदरच्या अंगावरची बुरशी टोचून साफ करतात, आणि मोठी झाली की त्याच कालुंदरची अंडी-पिल्लं पळवून खातात. शेजारधर्माचा हिशोब ज्याचा त्याने करावा. मलावीतल्या बहुतेक जातींची मादी अंडी थेट तोंडात घेते. नराच्या खालच्या परावर अंड्यासारखे पिवळे ठिपके असतात. मादी ती अंडीच समजून उचलायला जाते आणि तेवढ्यात तिच्या तोंडात नराचं वीर्य जाऊन आतली अंडी फळतात. पुढे साधारण तीन आठवडे ती जवळपास उपाशी राहून तोंड बंद ठेवते. टांगानिका सरोवरात तर एक जात अशी आहे की थोरल्या जोडीच्या हाताखाली धाकटे मासे राखणदार म्हणून राहतात, वाळू उपसतात, अंडी साफ करतात, आणि कामात कुचराई केली तर थोरले त्यांना बडवतात. अशा माशाने भांडू नये अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे त्याने संसारच करू नये म्हणण्यासारखं आहे.

शिवाय त्यांच्या भांडणाला रीत असते. आधी कुशी दाखवायची, सगळे पर ताठ करून आहोत त्यापेक्षा मोठं दिसायचं. मग शेपटीने पाण्याचा फटकारा द्यायचा. समोरच्याच्या अंगावर आदळणाऱ्या लाटेवरून त्याला आपली ताकद कळते. त्यातूनही कुणी हटलं नाही तर कल्ले फुगवून समोरासमोर, आणि शेवटी जबड्यात जबडा अडकवून ओढाताण. बहुतेक प्रकरणं दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर मिटतात. हरलेला रंग उतरवतो, पर मिटतो आणि निघून जातो.

निघून जातो कुठे? सरोवरात हा प्रश्न येत नाही. चार फुटी टाकीत तोच खरा प्रश्न आहे. भांडणाचा शेवटचा अंक, पळून जाण्याचा, काच करू देत नाही. जिंकलेल्याला समोर हरलेला दिसतच राहतो. त्याच्या लेखी शत्रू अजून हद्दीत उभा आहे, आणि हद्द म्हणजे अख्खी टाकी. टाकीतल्या बहुतेक खुनांचं मूळ इथे आहे. त्यात माशाचा दुष्टपणा शोधायला जाऊ नये.

अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या रोनाल्ड ओल्डफील्डने २०११मध्ये मिडास सिक्लिड या निकाराग्वाच्या माशावर केलेलं काम यासाठी वाचण्यासारखं आहे. घरोघरी असतात त्या मापाच्या टाक्यांमध्ये माशांची संख्या बदलून किंवा टाकी थोडी मोठी करून मारामारीत फरक पडला नाही. जागा भरपूर मोठी आणि आडोशांनी गुंतागुंतीची झाली तेव्हाच ती उतरली. म्हणजे दोन फुटी टाकीची अडीच फुटी टाकी करणं हे बहुतांशी आपल्या मनाचं समाधान. खर्च करायचा तर मोठी उडी घ्यावी, नाहीतर तेवढ्याच टाकीत आडोसे वाढवावेत.

आडोशांकडे येतोच, पण त्याआधी टाकीतल्या दादाबद्दल. कारण प्रत्येकाचा पहिला उपाय हाच असतो: जो मारतो त्याला उचला आणि वेगळा करा.

टांगानिकाच्या किनाऱ्यावर राहणारा बर्टोनी हा त्या बाबतीत सगळ्यांत जास्त अभ्यासलेला मासा. स्टॅनफर्ड विद्यापीठात रसेल फर्नाल्ड यांनी त्याच्यावर अनेक वर्षं घालवली. बर्टोनीचे नर दोन तऱ्हेचे. थोडे दादा, चकचकीत निळे किंवा पिवळे, डोळ्यावरून काळी पट्टी गेलेली, त्यांच्या नावावर जमीन आणि माद्या. उरलेले करडे, पट्टी नाही, मादीसारखे दिसणारे, कळपात खाली मान घालून फिरणारे. फर्नाल्ड यांच्या गटाने पहाटे दिवे लागण्याआधी अंधारातच दादाला बाहेर काढलं. उजेड झाला, करड्या नराला दिसलं की गादी रिकामी आहे, आणि काही मिनिटांत त्याच्या डोळ्यावर काळी पट्टी उमटली, अंगावर रंग चढला, तो दुसऱ्यांना हाकलायला लागला. मेंदूत प्रजननाची सूत्रं हलवणाऱ्या भागात त्याच वेळी जनुकं जागी झालेली सापडली. पुढच्या काही दिवसांत वृषणंही वाढतात. उलटही घडतं. मोठ्या नराच्या टाकीत टाकलेल्या दादाचा रंग पाहता पाहता उतरतो.

म्हणून दादाला कायमचं काढून टाकलं की तुम्ही नवा दादा नेमलेला असतो. काही वेळा नवा आधीच्यापेक्षा सौम्य निघतो, एवढाच दिलासा.

याच माशावर २००७ साली नेचर नियतकालिकात आलेला एक प्रयोग तर मी कितीदाही सांगू शकतो. पाच नर. पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला, चौथा पाचव्याला. या लढती काचेपलीकडून एक सहावा नर नुसता बघतो. नंतर त्याच्या एका बाजूला दुसरा आणि दुसऱ्या बाजूला चौथा ठेवला. या दोघांची लढत त्याने कधी पाहिलेली नव्हती. तरी तो चौथ्याच्या, म्हणजे कमजोराच्या बाजूला जास्त वेळ राहिला. दुसऱ्याने तिसऱ्याला हरवलं, तिसऱ्याने चौथ्याला, तेव्हा दुसरा चौथ्याला भारी, हे त्याने मनातल्या मनात जुळवलं. आपली मुलं हे गणित चार-पाच वर्षांची झाली की करायला लागतात. तुमच्या टाकीत कोपऱ्यात गप्प उभा असलेला मासा सगळं बघतो आहे आणि यादी करतो आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं.

दिसण्याइतकीच मोठी गोष्ट वासाची. टिलापियाचा दादा नर लघवी साठवून ठेवतो आणि प्रतिस्पर्धी समोर आला की थोडी थोडी सोडतो. त्या वासाने समोरच्याची लढायची खुमखुमी कमी होते, हे पोर्तुगालमधल्या संशोधकांनी दाखवलं. दादांच्या मूत्राशयाचे स्नायूही जास्त जाड असतात, धरून ठेवायला. म्हणजे टाकीच्या पाण्यात कोण कोणाच्या वर आहे हे विरघळून राहिलेलं असतं. आणि आपण काय करतो? रविवारी बादली घेतो आणि अर्धं पाणी फेकून देतो. २०१८ साली ब्राझीलमध्ये एंजल माशांवर हेच तपासलं गेलं. निम्मं पाणी बदललेल्या टाक्यांमध्ये मारामारी वाढली; पाव भाग पाणी बदललं तेव्हा परिणाम कमी होता. पाटी पुसली गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून ठरवावं लागतं.

म्हणून पाणी थोडं थोडं, पण नेमाने बदलावं. आमच्याकडे याला आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात गावच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर कधी कमी, कधी हात सैल सोडून पडते, आणि त्यातला क्लोरीन कल्ले जाळतो. बादली दिवसभर उघडी ठेवून किंवा दुकानातली क्लोरीन मारायची थेंबांची बाटली वापरून मगच ते पाणी टाकीत जावं. एका वेळी पावच भाग बदलत असाल तर चुकून राहिलेला क्लोरीनही पातळ होतो.

मुंबईच्या हौशी लोकांची आफ्रिकन माशांसाठी एक आवडती युक्ती आहे: टाकी गच्च भरायची. मलावीतल्या खडकांवरच्या जाती दाटीत ठेवल्या की दादाला कुणा एकाच्या मागे लागता येत नाही, मार दहा जणांत वाटला जातो. मुंबईत ती चालते, कारण फिल्टर चोवीस तास चालतो. कापड्यात जूनमध्ये वारा सुटला की झाड तारांवर पडतं आणि वीज कधी येईल ते कुणी सांगत नाही. गच्च भरलेल्या टाकीत फिल्टर आणि एअर पंप बंद पडले की थोड्याच तासांत प्राणवायू संपतो, आणि मग दादा व गरीब दोघेही वर तोंड करून पाणी पितात. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असला तरी मी इथे कुणाला दाटी करायला सांगणार नाही. कमी मासे, जास्त भिंती. एका नरामागे तीन-चार माद्या, म्हणजे त्याचा पिच्छा एकीच्याच वाट्याला येत नाही. आणि एकाच रंगाचे, एकाच ठेवणीचे दोन जातींचे नर एकत्र आणू नयेत. परक्या जातीचा वेगळ्या रंगाचा मासा सुटतो, आपल्यासारखा दिसणारा सुटत नाही.

भिंतींसाठी इथे पैसे लागत नाहीत. जुनं घर पाडून स्लॅब घातलेल्या प्रत्येक परसात कौलांचा ढीग पडलेला असतो. फुटकं कौल वाळूत उभं रोवलं की पलीकडचं दिसत नाही आणि खालून निसटायला वाट राहते. नदीतले काळे गोटे उत्तम, पाण्यात काही सोडत नाहीत. फक्त ते वाळू घालण्याआधी थेट तळाच्या काचेवर बसवावेत. सिक्लिड वाळू उपसतात, आणि वाळूवर रचलेली दगडांची रास पायाखालची वाळू गेली की कोसळून काच फोडते. करवंट्या, फुटक्या कुंड्या, सगळं चालतं. तपासायची सोपी रीत अशी की टाकीच्या एका टोकाला डोळा लावावा. दुसरं टोक सरळ दिसलं तर अजून कौल हवं.

एकदा अशा हद्दी पडल्या की जी शांतता येते ती बांधावरच्या शेजाऱ्यांची. दोघांनी बांध कुठे आहे ते वर्षानुवर्षं भांडून ठरवलेलं असतं, म्हणून आता रोज कोयता काढावा लागत नाही. सिक्लिडही ओळखीच्या शेजाऱ्यावर कमी आणि नवख्यावर जास्त धावतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणूनच मासे सारखे आत-बाहेर करणं, दर महिन्याला एखादा नवा आणून सोडणं, हीच टाकीतल्या अशांततेची मोठी कारणं असतात. आणायचे तर एकदम चार-पाच, लहान, एकाच वेळी. मोकळ्या पाण्यात सतत पळणारे काही मासेही सोडावेत. जायंट डॅनिओ हा पश्चिम घाटातल्या ओढ्यांतलाच. सिक्लिडाला तो हाती लागत नाही, आणि तो निर्धास्त फिरतो हे बघून लपून बसलेले मासे बाहेर येतात. वर लोरेन्त्सच्या जोडीला जो शेजारी लागत होता, त्याचंही काम काही अंशी तो करतो.

कौलं-गोट्यांच्या मानाने शिंपल्यांची गोष्ट निराळी, कारण ते पाण्यात विरघळतात. आपलं पाणी, विशेषतः पावसाचं, मऊ. मलावी-टांगानिकाचं जड; खारट नसलं तरी चुन्याकडे झुकणारं. खाडीच्या तिसऱ्या खाऊन झाल्या की त्यांची टरफलं उकळून, घासून फिल्टरमध्ये ठेवली तर चुना हळूहळू विरघळतो आणि आफ्रिकन माशांना ते मानवतं. एंजल आणि डिस्कस हे ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातले, त्यांच्या टाकीत हा प्रयोग करू नये. गोगलगाईचे रिकामे शंख मिळाले तर टांगानिकाच्या शंखवासी जाती त्यांत घर करतात. त्यांतल्या एका जातीचा नर मादीच्या बारा पटींहून जड असतो. तो तोंडाने शंख उचलून आपल्या अंगणात गोळा करतो, शेजाऱ्याचे चोरतो, आणि कधीकधी चोरलेल्या शंखात शेजाऱ्याची बायको आतच असते. नर मोठा आणि मादी लहान असण्यात इतकी तफावत प्राणिसृष्टीत दुसरीकडे नाही, आणि तिचं कारण एवढंच की मादी शंखात मावली पाहिजे आणि नराला शंख उचलता आला पाहिजे.

सगळं जमलं की पिल्लं होतात आणि नवी अडचण उभी राहते. ती ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नयेत. इतके चांगले आईबाप असलेला मासा आपल्या नदीत घुसला की अंडी टाकून निघून जाणाऱ्या वळगणीच्या माशांचं काय होईल, ते चिलापीने इतर पाण्यांत दाखवलेलं आहे. दुकानदार पिल्लं घेतात, बदल्यात खाद्याचा डबा देतात.

तोंडात अंडी धरलेली मादी मात्र वेळीच वेगळी काढावी. गालफडं फुगलेली आणि खाणं सोडलेलं, एवढी खूण पुरे. पिल्लं सोडल्यावर तिला लगेच मोठ्या टाकीत ढकलू नये. तीन आठवड्यांच्या उपासाने ती बारीक झालेली असते. आठवडाभर एकटीला खाऊ घालावं. मग रात्री दिवा घालवून, दोन-तीन कौलं आणि गोटे इकडचे तिकडे करून तिला आत सोडावं, म्हणजे सकाळी उठल्यावर सगळ्यांनाच आपापल्या हद्दी नव्याने शोधाव्या लागतात आणि तिच्याकडे बघायला निदान पहिले काही तास कुणाला फुरसत नसते.